आधी ब्रेक आणि टायर, मग इंजिनाची ताकद

संपादक महोदय,

आपल्या वाहनविषयक पुरवणीत गाडी मॉडिफाय करण्याबद्दल जे छापून आले, त्यात सगळा भर इंजिनाची ताकद आणि एक्झॉस्टचा आवाज यांवर होता. ब्रेक, टायर, सस्पेन्शन जेमतेम एका ओळीत उरकले होते. वापरलेली स्पोर्टी कूप (दोन दारांची बुटकी गाडी) घेणाऱ्या तरुणांचा विचार करून हे पत्र लिहीत आहे.

माझ्याकडे वापरलेली टोयोटा ८६ आहे. २०१२ साली आलेले हे मॉडेल. २ लिटरचे बॉक्सर इंजिन, जोर मागच्या चाकांना, ताकद सुमारे २०० अश्वशक्ती. बॉक्सर इंजिनात पिस्टन आडवे, समोरासमोर चालतात. त्यामुळे इंजिन खूप खाली बसवता येते आणि वळणावर गाडी रस्ता धरून राहते. ती घ्यायची ती याच सुखासाठी.

माझी गाडी मात्र वळणावर उड्या मारत असे. जरासा खड्डा आला की मागून ठक्क आवाज आणि शेपूट बाहेर. लिफ्टवर चढवली तेव्हा उलगडा झाला. गाडी खाली बसावी म्हणून आधीच्या मालकाने स्प्रिंगांची वेटोळी ग्राइंडरने कापली होती. कापलेल्या टोकांवर जळल्याचा निळसर डाग अजून दिसत होता. स्प्रिंग आखूड झाली की शॉकअपला, म्हणजे धक्के शोषणाऱ्या भागाला, दबायला जागा राहत नाही. तो बंपस्टॉपवर, म्हणजे शेवटी अडवणाऱ्या रबरी ठोकळ्यावर, आपटतो आणि नेमकी तेव्हाच टायरची पकड सुटते. दिसायला रुबाबदार, चालवायला धोक्याची, अशी ती गाडी करून ठेवली होती. याचा मला आजही राग येतो.

ब्रेक ऑइल काढले तर चहासारखे काळपट. हे तेल हवेतला ओलावा शोषते. नवे डॉट ४ (ब्रेक ऑइलचा एक दर्जा) तेल किमान २३० अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही. पुरेसे पाणी मुरले की हीच मर्यादा १५५ पर्यंत घसरते. घाटाच्या उतारावर सतत ब्रेक लावताना तेलाची वाफ झाली तर पेडल सरळ तळाला जाते. टायरच्या कडेवर ०९१३ असा आकडा होता, म्हणजे २०१३ च्या नवव्या आठवड्यातला टायर. नक्षी भरपूर शिल्लक होती, पण रबर लाकडासारखे कडक झाले होते. आणि याच गाडीला महागडा एक्झॉस्ट लावलेला!

मी मूळ मापाच्या स्प्रिंगा, नवे टायर, ताजे ब्रेक ऑइल घातले आणि चाकांची अलाइनमेंट करून घेतली. ताकद एका अश्वशक्तीनेही वाढली नाही, तरी गाडी मला पहिल्यांदा तेव्हा कळली. चांगले ब्रेक पॅड त्यानंतर बसवले. काढलेला प्रत्येक मूळ भाग चिठ्ठी लावून खोक्यात ठेवला आहे. गाडी कधी विकली तर खोकेही नव्या मालकाकडे जाईल.

पुढच्या लेखात आपण गाडी लिफ्टवर चढवून, खालून काढलेले फोटो जरूर छापावेत, ही विनंती.

आपला,
एक नियमित वाचक