मंदे, बुरशी परत आलीय

चिपळूण, श्रावण

प्रिय मंदे,

तुझं चैत्रातलं पत्र अजून उशाशी आहे, उत्तर नाही. शिव्या दे, पण आधी हे वाच. दुसऱ्या कोणाला सांगितलं तर म्हणतील, म्हातारीला उद्योग नाही. प्रकृती बरी. शुगर आहे तिथेच आहे. ह्यांचा गुडघा कुरकुरतो आणि गुडघ्यापेक्षा हे जास्त.

तर आपली बुरशी घरात आलीय. सूनबाईच्या, म्हणजे सायलीच्या क्रीममध्ये.

नातीच्या, ओवीच्या एक्झिम्याचं तुला फोनवर बोलले होते. कोपराच्या आतल्या घडीत आणि गुडघ्यामागे कातडी लाल, खरखरीत. रात्री झोपेत खाजवते पोर. विकतचं क्रीम लावलं की चरचरतं म्हणून रडायची, तेव्हा सायलीनं घरीच करायला घेतलं. कुंडीतल्या कोरफडीचा ताजा गर, गुलाबपाणी, बदामतेल, मेण. वर ई जीवनसत्त्वाच्या कॅप्सूल टाचणीने टोचून पिळायच्या. "त्याने टिकतं, आई." मंदे, त्याने तेल खवट व्हायचं लांबतं, बुरशीला त्याचं काय सोयरसुतक?

परवा डबी हातात घेतली. वरून क्रीम पांढरंशुभ्र. झाकण उलटं केलं तर आट्यांमध्ये पाण्याचे थेंब, आणि थेंबांच्या कडेने राखाडी-हिरवी लव. कोमट असतानाच झाकण घट्ट लावलेलं, वाफ आतच धरली. नुसत्या मेणाने पाणी आणि तेल एकजीव राहत नाही, त्यामुळे कडेलाही पाणी सुटलेलं. त्यात कोरफडीचा गर, म्हणजे साखर आणि पाणी. प्रयोगशाळेत बुरशी वाढवायला आपण प्लेटमध्ये याहून वेगळं काय ओतायचो? आणि हवा इथली. कपाटातल्या चपलासुद्धा हिरव्या होतात.

दाखवलं तिला. म्हणते, "वरचं काढून टाकते ना. लोणच्याचं नाही का काढत?"

अगं, लोणच्यात मीठ असतं, वर तेलाचा थर असतो. इथे काय आहे? वर दिसते ती नुसती लव, तंतू कधीच खाली गेलेले. आणि बुरशी निदान दिसते तरी! सुडोमोनाससारखे जिवाणू वाढले तर क्रीम तसंच पांढरं, वासही गुलाबाचा, आणि ते आपण लावणार कुठे, तर खाजवून खाजवून फुटलेल्या कातडीवर. हे सगळं डोक्यात, आणि तोंडातून निघालं काय, तर "हं."

तू हसतेयस. हॉस्टेलवर प्लेट उघडी टाकून सिनेमाला गेलीस, तेव्हा खोलीभर हिरवी बुरशी उगवली होती. अजून म्हणतेस ती प्लेट कुंदाची होती. कुंदा त्या आठवड्यात गावाला होती गं.

बोलत का नाही म्हणशील. काजळावरून झालेलं तुला माहीत आहे. त्यानंतर मी शास्त्र सांगितलं तरी ते सासूचंच होतं. अमोल म्हणतो, तुम्ही दोघी बघा. एवढीच त्याची गृहस्थी.

आणि खरं सांगू, ती अगदीच चुकत नाही. क्रीम टिकवायला घालतात त्या परिरक्षकानेही नाजूक कातडी पेटते. ते मिथाइलआयसोथायाझोलिनोन आठव, २०१३ साली अमेरिकेतल्या त्वचेच्या डॉक्टरांच्या संस्थेने त्याला 'वर्षाचा ॲलर्जन' केलं होतं. पण त्याच संस्थेने २०१९ मध्ये पॅराबेन या दुसऱ्या परिरक्षकाला 'वर्षाचा नॉन-ॲलर्जन' ठरवलं, इतकी त्याची ॲलर्जी कमी आढळते. आणि हिच्या लेखी पॅराबेन म्हणजे राक्षस! त्याऐवजी ही टी-ट्री तेलाचे थेंब टाकायचं म्हणतेय. थेंबा-दोन थेंबांनी बुरशी मरणार नाही, पोरीची कातडी मात्र भाजेल.

माझ्या मते पाणीच नको. गर नको, गुलाबपाणी नको. कोकमतेलाचा गोळा आहे घरात, आजी टाचांच्या भेगांना चोळायची तोच. त्यात खोबरेल आणि थोडं मेण वितळवायचं, डबी उकळून पूर्ण कोरडी करायची, पूर्ण गार झाल्यावर झाकण, आणि ओलं बोट आत घालायचं नाही, चमचीने काढायचं. पाणी नाही तर बुरशी नाही. अंघोळीनंतर अंग ओलसर असताना लावलं की झालं. डॉक्टरांनी साधी पेट्रोलियम जेलीच सांगितली होती, तीही बिनपाण्याचीच. पण 'पेट्रोलियम' वाचून सायली म्हणाली, बाळाला गाडी समजलेत का!

क्रीमच हवं असेल तर मोजून परिरक्षक घालावं लागेल. सरबताच्या बाटलीवर लिहिलेली असते ती बेंझोएट-सॉर्बेटची जोडी चालते, पण पीएच पाचाच्या आसपास किंवा खाली असेल तरच. म्हणजे पीएच मोजायच्या पट्ट्या आल्या, वजनकाटा आला. फ्रीजने नुसते दिवस वाढतात, अभय मिळत नाही.

घाई का, ते ऐक. शेजारच्या दोघींनी डब्या मागितल्यात आणि गणपतीत बचत गटाच्या स्टॉलवर ठेवायचं घाटतंय. विकायचं तर अन्न व औषध प्रशासनाचा परवाना लागतो, हे मी म्हटलं तर मी तिच्या पंखांवर पाय दिला असं होणार.

म्हणून तू फोन कर. मंदामावशीचं ती ऐकते, तू सासू नाहीस. मी लिहिलंय हे सांगू नकोस. ओवीची चौकशी कर, क्रीमचा विषय तीच काढेल, तिला राहवत नाही. मग विचार, "पाणी किती घालतेस गं?" पुढचं तुला येतं. डबीचा फोटो मागव, झाकणाच्या आतल्या बाजूचा.

तुझं काय? फ्लॅटची नोंदणी झाली का? सुधीरला म्हणावं, निवृत्तीनंतर भाजी चिरायला शिक. पल्लवीच्या स्थळाचं काय झालं ते सविस्तर लिही, फोनवर तू निम्मं गाळतेस.

शनिवारी सकाळी दहाच्या आत कर. नंतर तिचे क्लास असतात आणि मी फोनजवळ घुटमळतेय हे तिला कळतं.

तुझी,
नलू

ता. क. प्लेट तुझीच होती.