तारा आल्या, तरी मालधक्क्यावरचा धूर उरलाच

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मिरज-लोंढा मार्गावर विजेच्या तारा आल्यापासून आपल्या भागातील रेल्वे धूरमुक्त झाली, असे बेळगावात सर्रास बोलले जाते. हे अर्धेच खरे आहे. जिथे वाघिणींत म्हणजे मालगाडीच्या डब्यांत वरून माल भरला जातो किंवा क्रेन फिरते, तिथे डोक्यावर 25 हजार व्होल्टची तार ठेवणे धोक्याचे असते. त्यामुळे मालधक्के आणि तेलाच्या साइडिंगवर (माल चढवण्या-उतरवण्याच्या बाजूच्या रुळांवर) डिझेल इंजिनाची गरज संपत नाही. बॅटरीवर चालणाऱ्या इंजिनाचा पर्यावरणाला खरा लाभ आहे तो याच जागी. तार असलेल्या मुख्य मार्गावर बॅटरीचे ओझे वाहून नेण्यात फारसा अर्थ नाही.

अशा जागी वाघिणी इकडून तिकडे हलवणाऱ्या, म्हणजे शंटिंगच्या, इंजिनाचा बराचसा दिवस वाट पाहण्यात जातो. दोन-चार वाघिणी ढकलायच्या, सिग्नलसाठी थांबायचे, पुन्हा मागे यायचे. मधल्या वेळेत इंजिन बंद करून पुन्हा सुरू करणे कटकटीचे असल्याने ते धडधडत ठेवले जाते. जुन्या अल्को (एक अमेरिकी कंपनी) पद्धतीचे मोठे डिझेल इंजिन असे नुसते उभे राहून तासाला सुमारे 25 लिटर डिझेल जाळते. एक लिटर डिझेल जळले की साधारण 2.7 किलो कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. म्हणजे दिवसातले आठ तास इंजिन उभे राहिले, तर एक वाघीणही न हलवता पाच क्विंटलांहून अधिक वायू हवेत जातो. बॅटरीचे इंजिन उभे असताना जवळजवळ काहीच खर्च करत नाही आणि ब्रेक लावताना थोडी वीज परतही मिळवते. शिवाय मोटारीत जड बॅटरी अडचणीची ठरते, पण शंटिंगच्या इंजिनाला चाके घसरू नयेत म्हणून वजन हवेच असते.

या धुराचा पहिला मारा पोती वाहणाऱ्या हमालांवर होतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 2012 मध्ये डिझेलच्या धुराला कर्करोगकारक ठरवले, हे इथे विसरून चालणार नाही.

हे सारे परदेशातच शक्य आहे असेही नाही. जबलपूर विभागात 2020 मध्येच तार आणि बॅटरी अशा दोन्हींवर चालणारे ‘नवदूत’ हे शंटिंग इंजिन तयार झाले. अमेरिकेत कॅलिफोर्नियात 2021 मध्ये डिझेल इंजिनांच्या जोडीला बॅटरीचे इंजिन लावून मालगाड्या चालवल्या, तेव्हा इंधनात सरासरी 11 टक्के बचत दिसली.

मात्र उत्साहाच्या भरात गोव्याकडे उतरणाऱ्या कॅसलरॉकच्या घाटाचे उदाहरण कोणी देऊ नये. ऑस्ट्रेलियात भरलेली खनिजगाडी उतारावरून येताना बॅटरी भरून घेते आणि रिकामी गाडी त्याच विजेवर वर जाते, अशी योजना आखली गेली आहे. आपल्याकडे मुरगावच्या बंदरातून आलेला कोळसा भरलेल्या गाडीने घाट चढतो आणि रिकाम्या वाघिणी खाली उतरतात. तिथे हे गणित उलटे बसते.

बॅटरी भरायची वीज कोळशाची असेल, तर वायूची बचत जाहिरातीत दिसते तेवढी होणार नाही, हा आक्षेपही रास्त आहे. तरीही यार्डातला धूर जातोच. शिवाय सौंदत्तीच्या माळावर पवनचक्क्या फिरत असताना आणि कर्नाटकात सौर विजेची निर्मिती मोठी असताना, दुपारच्या उन्हाच्या वेळी बॅटरी भरण्याचे वेळापत्रक आखणे अशक्य नाही.

हुबळी विभागाने लोंढा किंवा बेळगाव परिसरातील एका यार्डात असे एक इंजिन वर्षभर चालवून पाहावे आणि त्यापूर्वीच्या वर्षाचा डिझेलचा खप व चाचणीच्या वर्षाचा विजेचा खप असे दोन्ही आकडे शेजारी शेजारी जाहीर करावेत, ही विनंती.

आपला,
एक वाचक,
टिळकवाडी, बेळगाव