टॅटूच्या वहीत आपले गोंदण हवे

माननीय संपादक महोदय,
स. न. वि. वि.

गेल्या महिन्यात भाचीसोबत नागपुरातल्या धरमपेठेतील एका टॅटूच्या दुकानात दीड तास बसले होते. मुलींसाठी ठेवलेल्या वेगळ्या वहीत फुलपाखरे, पिसे आणि इंग्रजी सुवचने होती, परंतु माझ्या आजीच्या कपाळावर, हनुवटीवर आणि हातांवर जे गोंदण होते, त्यातले एकही चिन्ह नव्हते. आजीच्या हातावर तुळशीवृंदावन होते, विंचू होता. "सोनं इथंच राहते, गोंदण तेवढं संगं येते," असे ती म्हणत असे.

ती चिन्हे केवळ जुनी आहेत म्हणून निवडावीत, असे मी म्हणत नाही. चित्रकला शिकवण्यात माझी हयात गेली आणि त्या नजरेने पाहता ती त्वचेला मानवणारी आहेत, हे माझे कारण आहे. शाई कातडीच्या आतल्या थरात बसते, तेथील पेशी ती धरून ठेवतात, तरीही वर्षागणिक रेघ थोडी पसरतेच. त्यामुळे केसासारख्या बारीक रेघांचे पीस किंवा दाटीने लिहिलेले सुवचन पुढे एकमेकांत मिसळून जाते, तर ठिपके, त्रिकोण आणि मधली जागा मोकळी सोडून काढलेली ठसठशीत रेघ ओळखू येत राहते. आजीचा विंचू तिच्या ऐंशीव्या वर्षीही विंचूच दिसत होता.

भाचीला आईचे नाव देवनागरीत हवे होते. संगणकावरून काढलेल्या नमुन्यात जोडाक्षर तुटून पाय मोडलेले दिसत होते, आणि ते आमच्याखेरीज कोणाच्याही लक्षात आले नव्हते. असे नाव घरच्या माणसाने कागदावर स्वच्छ लिहून द्यावे आणि सुई लागण्यापूर्वी उतरवलेला ठसा पुन्हा वाचावा. रंगाचाही विचार हवा, कारण पुढे लेसरने काढायची वेळ आलीच, तर काळी शाई त्यातल्या त्यात सहज निघते. हिरवा आणि पिवळा रंग फार चिवट असतो. सैन्यभरतीची तयारी करणाऱ्या मुलींनी तर जागा ठरवण्याआधी भरतीचे नियम वाचलेच पाहिजेत. सुई नवी, बंद पाकिटातली हवी, हे वेगळे सांगायला नको.

गोंदणाची दुसरी बाजूही मला ठाऊक आहे. आजीला कोणी विचारले नव्हते. लग्नाआधी धरून बसवले होते. शिवाय गोंड, माडिया स्त्रियांच्या गोंदणाला त्यांच्या समाजात स्वतःचा अर्थ आहे, म्हणून ते नुसती नक्षी समजून उचलण्यापूर्वी त्यांच्यातील जाणत्या बायांना विचारणे मला आवश्यक वाटते.

असे गोंदण अंगावर असलेल्या स्त्रिया आता वयोवृद्ध आहेत. 1863 साली स्थापन झालेल्या आपल्या मध्यवर्ती संग्रहालयाने, म्हणजे अजब बंगल्याने, त्यांच्या संमतीने ही चिन्हे, त्यांची नावे आणि अर्थ नोंदवून घ्यावेत आणि तो संग्रह सर्वांना पाहता यावा, अशी माझी कळकळीची विनंती आहे. भाचीने तूर्त बेत पुढे ढकलला आहे. नागपूरच्या उन्हात ताजी जखम घेऊन हिंडायचे नाही, असे तिने ठरवले असून, तोवर आजीच्या जुन्या छायाचित्रावरून ती वृंदावनाचे रेखाटन करत आहे.

आपली विश्वासू,
एक निवृत्त चित्रकला शिक्षिका, नागपूर