रविवारी थंडरबर्ड २ रंगवायचं

मंडळी, येत्या रविवारी दुपारी ३ वाजता फोंड्याला आमच्या बाल्कांवात (दारापुढच्या ओसरीत) जमायचं. थंडरबर्ड २चं मॉडेल रंगवायचंय, म्हणजे १९६५च्या ब्रिटिश मालिकेतलं ते पोटात डबा घेऊन उडणारं, पुढे झुकलेल्या पंखांचं हिरवं विमान! जोडणी झाली, रंग उरलाय.

• पाऊस असेल तर स्प्रे बंद. गेल्या खेपेला दमट हवेत लॅकर मारला, तर डाव्या पंखावर ताकासारखा पांढरट थर धरला. घाई माझीच.
• सांध्यांवरची पुट्टी ओल्या पॉलिशपेपरने घासायची, आधी ४०० नंबरचा, मग ८००चा. पेपर आपापला आणा.
• जुने डिकल (पाण्यात भिजवून मॉडेलवर चिकटवायची छापील चित्रं) पिवळे पडलेत. थेट पाण्यात कोणीही टाकू नये, तुकडे होतील! आधी त्यांच्यावर क्लिअर कोट, म्हणजे पारदर्शक थर.
• मास्क हवाच.

येणाऱ्यांनी शनिवारपर्यंत कळवा, मिरच्यांची भजी मोजून तळायची आहेत.