तो रिपोर्ट मुलीला दाखवण्याआधी

प्रिय मित्रा,

पत्र मिळालं. पोटरी सुजली, डॉपलर सोनोग्राफीत शिरेत गुठळी दिसली, इंजेक्शनं झाली, रक्त पातळ करायची गोळी सुरू झाली. हे सगळं रीतसर झालंय. पण ‘प्रोटीन एस कमी आलंय, म्हणजे हे घराण्यातलं, मुलीलाही असणार’ हे वाचलं आणि हसावं की रडावं कळेना. मी हेच धरून वर्षभर बसलो होतो रे.

त्या रिपोर्टवरची तारीख बघ. वॉरफरिन, म्हणजे तुझी ती रक्त पातळ करायची गोळी, सुरू झाल्यावर दोन आठवड्यांनी घेतलेलं रक्त आहे ते! वॉरफरिन व्हिटॅमिन ‘के’चं काम अडवतं. रक्त गोठवणारे 2, 7, 9 आणि 10 हे घटक या व्हिटॅमिनशिवाय कामाचे होत नाहीत, आणि गोठण्याला लगाम घालणारी प्रोटीन सी आणि एससुद्धा होत नाहीत. गोळी या सगळ्यांनाच खाली ओढते. त्यातही प्रोटीन सी फार लवकर घसरतं, म्हणून तर पहिले निदान पाच दिवस आणि आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो त्याचं माप) 2 च्या वर टिकेपर्यंत तुला हेपॅरिनचं इंजेक्शनही देत होते. तेव्हा तुझ्या रिपोर्टवरून गोळी लागू पडतेय एवढंच कळतं, वंशाचं काही कळत नाही.

माझ्या वेळी हे कुणी बोललंच नाही. मी बहिणीला घाबरवून सोडलं, तिनेही तपासण्यांवर तपासण्या केल्या. पुढे दुसऱ्या डॉक्टरांनी गोळी बंद करून मला काही आठवडे इंजेक्शनवर ठेवलं आणि मग रक्त घेतलं. प्रोटीन एस अगदी नॉर्मल! बहीण अजून टोमणे मारते.

सापडलं ते भलतंच, ल्यूपस अँटिकोअॅग्युलंट, म्हणजे रक्तातली एक प्रकारची अँटिबॉडी. हे जन्मजात नसतं, मागाहून येतं. नाव मात्र महाफसवं. मला ल्यूपस हा आजार नाही, आणि ‘अँटिकोअॅग्युलंट’ (गोठण्याला अडवणारं) म्हणावं तर नळीत रक्त उशिरा गोठतं, पण अंगात गुठळ्या होतात. एखाद्या संसर्गानंतरही ते तात्पुरतं दिसू शकतं, म्हणून 12 आठवड्यांनी पुन्हा तपासलं. पुन्हा पॉझिटिव्ह. त्यामुळे माझी गोळी कायमची.

तुझं तसं नसावं. पाय महिनाभर प्लॅस्टरमध्ये होता हे तू पत्रात शेवटी, ताजा कलम म्हणून लिहिलंस! अरे, तेच तर मोठं कारण. पाय हलला नाही की शिरेत रक्त तुंबतं. अशा गुठळीला बहुधा तीन महिने औषध देतात. मनाने मात्र एकही गोळी चुकवू नकोस, आणि धाप लागली किंवा छातीत दुखलं तर सकाळची वाट न बघता दवाखाना गाठ.

घराण्यातून येणारा, गुठळीचा धोका वाढवणारा एक दोष म्हणजे फॅक्टर फाइव्ह लायडन. त्याची तपासणी जनुकाची असते, ती गोळीने बदलत नाही. नेदरलँड्समधल्या लायडन शहरात 1994 मध्ये हा दोष सापडला, म्हणून ते नाव. पण एका पालकाकडून आलेला असेल, तर बहुतेकांना जन्मभर गुठळी होत नाही. मुलीची तपासणी करायची घाई माझ्या मते नको. गर्भनिरोधक गोळ्या घ्यायची किंवा बाळंतपणाची वेळ आली, तर ‘वडिलांना प्लॅस्टरनंतर गुठळी झाली होती’ एवढं तिने डॉक्टरांना सांगावं.

पुढच्या भेटीत प्रोटीन एस पुन्हा कधी तपासायचं ते विचार, आणि तोवर तो कागद कपाटात टाक. आयएनआर किती आला ते कळव.

तुझाच