फ्रिजच्या बर्फाविषयी, आई-बाबांस

बंगळुरू

तीर्थरूप आई-बाबांस साष्टांग नमस्कार.

फोनवर बाबा ‘सगळे उत्तम’ म्हणतात आणि आई लगेच मी काय जेवले ते विचारते, म्हणून हे पत्र लिहीत आहे. काल शेजारच्या काकांकडून मला समजले की फ्रिजमध्ये बर्फ पडेनासा झाला म्हणून बाबांनी तो एकट्याने भिंतीपासून ओढला, आणि टॉर्च दातांत धरून त्याच्या मागे वाकून बसले होते. नव्या गुडघ्याला अजून सहा आठवडेही झालेले नाहीत. मी रागावलेली नाही. म्हणजे काल होते, पण रात्रभर विचार केल्यावर लक्षात आले की या सगळ्याच्या मुळाशी मीच आहे. दिवाळीत तुम्हाला न विचारता तो आपोआप बर्फ करणारा फ्रिज मी घेतला. आईच्या मनगटाला बर्फाचे भरलेले ट्रे पेलत नाहीत, पाणी फरशीवर सांडते आणि त्यावर कोणी घसरेल, ही भीती माझ्या मनात होती. परंतु सोबतच्या पुस्तिकेत पाण्याचा दाब किमान 20 पीएसआय हवा असे छापलेले असताना मी ते वाचले नाही, आणि जोडायला आलेल्या माणसानेही दाब मोजला नाही. त्याला बोल लावून आता उपयोग नाही.

बाबा, गेल्या पंधरा दिवसांत आपण दोघांनी फोनवर जे जे तपासले ते तुम्ही डायरीत लिहून ठेवले आहे, म्हणून पुन्हा सांगत नाही. बर्फाच्या साच्याशेजारची तार खालीच होती, म्हणजे यंत्र बंद नव्हते. मागची नळी कुठे मुडपलेली नव्हती. फ्रीझर तुम्ही वीज वाचवण्यासाठी उणे 12 वर ठेवला होता, तो उणे 18 वर आणला. फिल्टरला सहा महिने होत आले होते, आणि गुरुवारी पाणी बंद राहिले की शुक्रवारी नळाला प्रथम गढूळ पाणी येते हे आपल्याकडे सर्वांना ठाऊक आहे, त्यामुळे माझा पहिला संशय फिल्टरवर होता. पण फिल्टर काढून त्याच्या जागी पाणी थेट पुढे जाऊ देणारे बायपास टोपण बसवल्यावरही साच्यात पाणी आले नाही. शेवटी मागची नळी बादलीत सोडून तुम्ही घड्याळ लावले, तेव्हा पूर्ण मिनिटात अर्धा लिटरही जमले नाही. त्या एका आकड्यातच उत्तर होते, आणि मला ते चार दिवस दिसले नाही.

पाटबंधारे खात्यात तुमची 34 वर्षे गेली, तेव्हा हे मी तुम्हाला शिकवावे असे नाही, पण गणित मांडून दाखवते. गच्चीवरच्या टाकीचे पाणी फ्रिजच्या तळाशी असलेल्या व्हॉल्व्हपेक्षा जेमतेम साडेचार मीटर उंच आहे. मीटरमागे साधारण 1.4 पीएसआय धरले, तर आपल्याला सहा-साडेसहाच मिळतात. वीस मिळण्यासाठी टाकी 14 मीटर वर हवी. आपण सर्वांत वरच्या मजल्यावर आहोत. हाच फ्रिज तळमजल्यावरच्या काकूंकडे असता तर कदाचित विनातक्रार चालला असता. वरच्या मजल्यावर वारा चांगला येतो म्हणून तुम्ही हे घर घेतले, त्या निर्णयाला मी अजूनही नावे ठेवणार नाही.

आता, सुरुवातीला बर्फ पडत होता मग थांबला का, हा तुमचा प्रश्न. तो व्हॉल्व्ह प्रत्येक वेळी सात-आठ सेकंदच उघडतो. तेवढ्यात साच्याला वाटीभर पाणी मिळायला हवे, आपल्याकडे फार तर अर्धी वाटी जात होती. आई, आठवते, तू म्हणालीस की हे खडे बत्ताशासारखे पोकळ आहेत? मी हसले होते. तीच पहिली खूण होती. शिवाय हा व्हॉल्व्ह घट्ट मिटण्यासाठीसुद्धा पाण्याचा दाब लागतो. दाब कमी असला की तो किंचित झिरपत राहतो, आणि तो थेंब थेंब साच्याच्या वरच्या भरणनळीत गोठून नळीच बुजते. मग खालून कितीही प्रयत्न केले तरी पाणी वर पोचत नाही. तेव्हा बाबा, तुमच्या हातून काहीही बिघडलेले नाही, आणि स्क्रूड्रायव्हरने ती नळी टोकरण्याचीही गरज नव्हती. ती प्लॅस्टिकची आहे.

मी जो निर्णय घेतला आहे तो आता सांगते, आणि तो बदलणार नाही हेही सांगते. सिंकखाली एक छोटा पंप बसवायचा आहे, पाणी शुद्ध करण्याच्या आपल्या यंत्रात असतो तसाच, 24 व्होल्टचा. ते यंत्र नीट चालते मग फ्रिज का नाही, असे आई विचारत होती. त्याच्या पोटात स्वतःचा पंप आहे, एवढेच कारण. त्याचेच पाणी फ्रिजला जोडावे ही बाबांची सूचनाही मी तपासली, परंतु त्याच्या टाकीतले पाणी दाबाखाली नसते, ते नुसते उतरते, म्हणून त्याने काम होणार नाही. महापालिकेच्या नळाला थेट मोटार लावायला मनाई आहे, हे बाबा म्हणतील म्हणून आधीच लिहिते: हा पंप आपल्या टाकीच्या पाण्यावर, तोही फक्त फ्रिजच्या नळीवर आहे, त्यामुळे कुणाच्या वाट्याचे पाणी कमी होणार नाही. आवाज देवघरापर्यंत येणार नाही. पैसे मी दिलेले आहेत. किती ते विचारू नका, गुडघ्याच्या एका ड्रेसिंगच्या तुलनेत काहीच नाहीत.

मी स्वतः यायला हवे होते, हे मला कळते. मेच्या दुसऱ्या आठवड्याआधी सुट्टी मिळत नाही आणि तोवर आईने दिवसातून तीनदा बर्फासाठी ट्रे उपसावेत हे मला सहन होत नाही, म्हणून दुसऱ्याच्या हातून करून घेत आहे. मेमध्ये बर्फ आणायला मी नसावे, हे पहिल्यांदाच घडत आहे. गोणपाटात गुंडाळलेली लादी सायकलच्या कॅरिअरवर, तिला चिकटलेला भुसा, आई मोगरीने ती फोडायची आणि पहिला तुकडा माझ्या तोंडात घालायची. मग खडे मीठ, आणि पॉट हलू नये म्हणून वर चौपदरी पोते टाकून मला बसवायचे. बाबा दांडा फिरवायचे. खालून गारठा चढायचा, पण उठले तर आइस्क्रीम बिघडेल म्हणून मी उठत नसे.

आता कृपा करून ऐका. शनिवारी दहा वाजता प्लंबर येईल, तोवर साच्याजवळची तार वर उचलून ठेवा, नाहीतर व्हॉल्व्ह कोरडाच गुरगुरत राहतो. भिंतीतला छोटा कॉकही बंद करा. तो कमरेच्या उंचीवर आहे, वाकावे लागणार नाही. भरणनळीत उकळते पाणी ओतायचे नाही, आई, तुला तो मोह होईल म्हणून सांगते; ती नळी प्लंबर कोमट पाण्याच्या फडक्याने मोकळी करील. फ्रिज तोच ओढील. बाबांनी खुर्चीवर बसून दाब मोजून घ्यायचा, 40 च्या आसपास असला की पुरे, आणि आकडा डायरीत लिहायचा. त्यानंतर 24 तास धीर धरायचा, आणि पहिले दोन-तीन वेळचे खडे सिंकमध्ये टाकून द्यायचे. ‘वाया जातात’ म्हणून कोकम सरबतात घालायचे नाहीत.

शनिवारपर्यंत गुडघ्यासाठी आईने जानेवारीत सोलून ठेवलेल्या मटारांची एक पिशवी घ्या. ती बर्फाच्या खड्यांपेक्षा गुडघ्याला चांगली बसते. पंच्यात गुंडाळून पंधरा-वीस मिनिटे, थेट कातडीवर नाही, आणि पाय उशीवर.

तुमची,
ताई

ता. क. आई, त्या पिशवीला लाल दोरा बांध. सारखे वितळून गोठलेले मटार उसळीत घालायचे नाहीत.