त्या शनिवारी मी साताऱ्यातच होते

ती. आई-बाबा,
सा. न.

फोनवर आईचा आवाज ऐकला की माझं बोलणं अडतं, म्हणून लिहितेय. अवसेच्या शनिवारी ऑफिसचं काम आहे म्हणाले होते, ते खरं नव्हतं. मी साताऱ्यातच होते. पोवई नाक्यावरून गाडी बोगद्याकडे गेली, घर दहा मिनिटांवर होतं आणि मी आले नाही. तेव्हापासून जीव थाऱ्यावर नाही.

चाळकेवाडीच्या पठारावर ताऱ्यांचे फोटो काढायला गेले होते. आई, चंद्र असला की बारीक तारे त्याच्या उजेडात बुडतात, त्यामुळे अवसच लागते गं. आम्ही चौघं होतो, त्यात दोघी मुली. गाडी जवळच उभी होती. कानटोपी, स्वेटर, थर्मासभर चहा, दशम्या, सगळं होतं. उपाशी राहिले नाही.

बाबा, पहिल्यांदा ५० मिमीच्या लेन्सनं २० सेकंदांचा फोटो काढला, तर मृगाच्या ताऱ्यांच्या रेघा झाल्या. पृथ्वी फिरते, ती तेवढ्यातही दिसते! आता ६ सेकंदांचे १०० फोटो घेते आणि सिरिल नावाच्या फुकट मिळणाऱ्या प्रोग्रॅममध्ये एकावर एक जुळवते. एकेका फोटोतली दाणेदार खरखर त्यानं जवळपास दहा पटींनी कमी होते. शेवटी लेन्सला टोपण लावून तितक्याच सेकंदांचे काळे फोटो काढायचे. कॅमेऱ्याचे स्वतःचे खोटे ठिपके त्यात सापडतात, ते वजा करायचे. आई तांदळातले खडे वेचते ना, तसंच. पठारावर वारा फार, म्हणून तिपाईखाली बॅग टांगते.

जुळवलेला फोटो आधी नुसता काळा दिसतो. अंधारातला उजेड हळूहळू ताणत गेले, तेव्हा मृगाच्या बाणाच्या तीन ताऱ्यांखाली गुलाबीसर ढग वर आला. मृगातला तेजोमेघ, म्हणजे वायू आणि धुळीचा चमकणारा ढग. तिथून उजेड निघाला त्याला सुमारे १३०० वर्षं झाली. रात्रीचे दोन वाजले होते आणि मला लाइट गेल्यावरची आपली गच्ची आठवली. गोधडीत मी मधे, बाबांचं बोट वर. "हे चार पाय, हा पोटातला बाण." हरणाला दुखतंय का, असं मी रोज विचारायचे. "नाही गं, ते अजून पळतंय."

आणि दिवाळीत बाबा म्हणालात, आता तिथे सगळा धूरच दिसतो. मी तेव्हा काही बोलले नाही.

तर फाल्गुनापर्यंत दर अवसेला जायचं ठरवलंय, रजाही टाकल्यात. यापुढे आधी घरी येईन, आईच्या हातचं जेवेन, मग निघेन. दोन रजा मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी राखल्यात. बाबा, तारीख याच आठवड्यात घ्या, पुढे ढकलू नका. घाबरवत नाहीये, मी शेजारी बसणार आहे. तोवर अंधारात गच्चीचा जिना चढायचा नाही. आई, प्रेशरची गोळी चहाच्या डब्याशेजारीच ठेव, आणि माझ्यासाठी जागत बसू नकोस.

फोटो मोठा करून आणतेय. किल्ली माझ्याकडे आहे, आतून कडी तेवढी लावू नका. पहाटे पाचपर्यंत परत येईन.

तुमची,
ताई